सड्याचा साठा

एखाद्या मुलीच्या तोंडातला शब्द तुमच्या डोळ्यांदेखत काढून घेतला, त्या जागी दुसराच कोंबला आणि भरलेल्या सभागृहाने त्यावर टाळ्या वाजवल्या, तर त्या वेळी तुमचे हात कुठे असतील?

उत्तर लगेच देऊ नका. मी त्या सभागृहात होते. तिथे बसलेली बहुतेक माणसं स्वतःला सज्जन समजतात. त्यांना आदल्या दिवशी विचारलं असतं, तर त्यांनीही छातीठोक उत्तर दिलं असतं.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे घंटा झाली की मी मॅडम, आणि तास संपला की 'आपण कोण?' अशी गत. अशा माणसाला रद्द झालेला प्रत्येक तास लक्षात राहतो. आमचे तास पावसामुळे रद्द होतात, निवडणुकीमुळे होतात, क्रीडा महोत्सवामुळे होतात. पण सगळ्यात जास्त तास खातात त्या अध्यापन सुधारण्याच्या कार्यशाळा. शिकवणं सुधारायचं म्हणून शिकवणं बंद. सूचनाफलकावर लिहिलेलं असतं: 'कार्यशाळेनिमित्त आज सर्व वर्गांचे तास होणार नाहीत. विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य.' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना कुणाचा हात अडखळलेला मी अजून पाहिला नाही.

मला हे इतकं का झोंबतं, त्याचं मूळ आमच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्या घरी पुस्तकं नंतर आली, आधी पत्रकं आली. वडील एका संघटनेचं काम करायचे. एसटी स्टँडवर, बाजारात, जेट्टीवर उभे राहून पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. आई ती फडताळात अंथरायची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या फडताळात. डाळीचा डबा उचलला की खाली 'जाहीर निषेध', पोह्यांचा उचलला की 'बंधूंनो आणि भगिनींनो'. वडील सांगायचे, पत्रकात एकही शब्द असा नको जो बाजारात मासे घेणाऱ्या बाईला अडेल. आणि शेवटी तिला काहीतरी काम सांगायला हवं. नाहीतर तो कागद भजी बांधायला जातो.

त्यामुळे 'अध्ययन निष्पत्ती', 'ज्ञानरचनावाद' असले शब्द माईकवरून सुटले की मला आधी ती मासे घेणारी बाई दिसते. तिला काय कळलं? काही नाही. मग हे कुणासाठी चाललंय?

आता त्या मुलीकडे येते.

ती पावसच्या बाजूच्या एका वाडीतली. बापूस मुंबईला एका कँटीनमध्ये, आवस घरी, दोघी बहिणींत ही थोरली. रोज एसटीने यायची. पहिलं वर्षभर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची, 'हजर' म्हणायची नाही. शाळेत कधीतरी तिच्या बोलण्यावरून कुणी हसलं असणार. त्याची चौकशी मी केली नाही, कारण त्याची गरज नसते. आमच्याकडच्या निम्म्या मुलांच्या बाबतीत ते घडलेलंच असतं.

दुसऱ्या वर्षी एकदा मी फळ्यावर 'जांभ्या दगडाचे पठार' असं लिहीत होते. मागून पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"काय नाय."

"अगं, म्हण ना."

"सडा, मॅडम. पठार नाय म्हणत आम्ही. सडा म्हणतो."

बाकी महाराष्ट्रात सडा म्हणजे सकाळी अंगणात शिंपतात तो, शेणाचा नाहीतर पाण्याचा. रांगोळीच्या आधीचा. आमच्या रत्नागिरीत हा शब्द आणखी एका गोष्टीला आहे. डोंगर चढून वर गेलात की झाडं संपतात आणि काळपट जांभ्या दगडाचं सपाट, उघडं रान पसरलेलं दिसतं. तो सडा. गावं त्याच्या कुशीत, खाली उतारावर. गुरं सड्यावर चरतात. पावसाळा सरताना सड्यावर फुलं येतात. इथल्या कुणालाही 'सड्यावर गेलोय' म्हटलं की कळतं. शब्दकोश शोधावा लागत नाही.

मी 'पठार' पुसलं आणि 'सडा' लिहिलं. एवढंच केलं. त्याला ज्ञानरचनावाद म्हणतात हे मला नंतर कार्यशाळेत कळलं.

त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग बाकीच्यांना गप्प करण्याइतकं. एकदा संध्याकाळी स्टँडकडे जाताना ती माझ्या बरोबरीने चालत होती. मधेच म्हणाली, "मॅडम, मास्तरीण व्हायला काय लागतं?"

मी म्हटलं, "परीक्षा असतात. पण आधी चार माणसांत उभं राहून बोलता यायला लागतं."

"तेवढंच?"

"तेवढंच अवघड असतं."

"मग ते येतं मला आता," ती म्हणाली आणि गाडी लागली तशी पळाली.

ऑगस्टात कार्यशाळा ठरली. मूल्यांकन समिती येणार होती, तिला दाखवायला असे कार्यक्रम लागतात. विषय होता विद्यार्थीकेंद्रित अध्यापन. समन्वयक होते मराठीचे ज्येष्ठ सर. हे आमच्याच जिल्ह्यातले, आतल्या एका गावचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पाहुणा येणार असला की आवाज आपोआप खाली. विद्यार्थी केंद्रस्थानी असल्यामुळे विद्यार्थ्यांना कामं वाटण्यात आली. मुलांनी खुर्च्या लावल्या. मुलींनी सकाळी लवकर येऊन दारात रांगोळी काढली. कुंड्या प्राचार्यांच्या केबिनबाहेरून उचलून व्यासपीठावर नेल्या आणि संध्याकाळी परत आणल्या, तेही मुलांनीच.

व्यासपीठावर पाहुण्यांचा आदर्श तास होणार होता. त्यासाठी प्रत्येक विभागाने एकेक विद्यार्थी द्यायचा होता. मी वर्गात विचारलं. हात तिचाच आधी वर आला. या वेळी हाताबरोबर तोंडही उघडलं. "मी जाते, मॅडम. बघते तरी आदर्श तास कसा असतो तो. उद्या आपल्यालाच घ्यायचाय."

पाहुणे घाटावरून आले होते. आवाज चांगला, कॉलरला लावलेला माईक, आणि सतत हसू. आधी त्यांनी सगळ्यांना उभं केलं. हात वर, हात खाली. मग शेजाऱ्याकडे वळून म्हणायचं, 'तुम्ही छान आहात.' प्राचार्य संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, तुम्ही छान आहात. पदाधिकारी प्राचार्यांना म्हणाले, तुम्हीही. माझ्या शेजारची ग्रंथपाल बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू छान आहेस, पण मला गुडघा दुखतो, आता बसू का?" तोवर व्यासपीठासमोर उच्चारलेलं ते एकमेव खरं वाक्य.

मग आदर्श तास. मुलं अर्धवर्तुळात बसली. पडद्यावर एक निळा थेंब आला. विषय: पाणी.

पाहुणे म्हणाले, "मी काही सांगणार नाही. ज्ञान तुमच्यातच आहे, मी फक्त ते बाहेर काढणार. सांगा बरं, तुमच्या घरी पाणी कुठून येतं?"

एकजण म्हणाला नळातून. पाहुण्यांनी त्याला चॉकलेट दिलं. दुसरी म्हणाली धरणातून. तिलाही चॉकलेट. मग त्यांचं बोट आमच्या मुलीकडे वळलं.

ती उभी राहिली. ओढणी नीट केली. माईक हातात घेतला तेव्हा तो जरा किंचाळला, ती दचकली नाही.

"सड्यावरून, सर."

"कशावरून?"

"सड्यावरून. सड्यावर पाऊस पडतो, तो मुरतो नि खाली आमच्या विहिरीला येतो."

पाहुणे दोन पावलं पुढे आले आणि सभागृहाकडे वळले. तिच्याकडे नव्हे, सभागृहाकडे. "सडा! अगं, सड्याला पाणी लागतं. सड्यातून पाणी येत नाही!" मग हसत म्हणाले, "आज दारात रांगोळी सुंदर होती हं, पण सडा मात्र राहिला होता."

सभागृह हसलं.

इथे मला थांबून सांगायला हवं, कोण हसलं ते. घाटावरून आलेला माणूस एकटा होता. बाकीचं सभागृह इथलं. त्यातली अर्धीअधिक माणसं सड्याच्या खालच्या वाड्यांत जन्मलेली, सड्यावर पतंग उडवून मोठी झालेली, सड्यावरच्या शाळेत शिकलेली. ती हसली. पहिल्या रांगेत समन्वयक सर बसले होते. ते इतके हसले की त्यांनी रुमाल काढला.

ती अजून उभीच होती. म्हणाली, "नाय सर, सडा म्हणजे..."

"तुला साठा म्हणायचंय," पाहुणे एकदम म्हणाले. त्यांना ते उमगल्याचा खराखुरा आनंद झाला होता. "साठा! जलसाठा! बरोबर? बघा, उत्तर तिच्यात होतं, फक्त शब्द सापडत नव्हता. आपण तो बाहेर काढला. यालाच आपण काय म्हणतो?"

"ज्ञानरचनावाद," पहिल्या रांगेतून आलं.

त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'साठा' लिहिलं, तिच्या हातात चॉकलेट ठेवलं आणि म्हणाले, "हिच्यासाठी जोरदार टाळ्या!"

वाजल्या. जोरदार वाजल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ती सडाच म्हणाली. तिचं बरोबर आहे. इथे सडा म्हणजे..."

माझ्याकडे माईक नव्हता. समन्वयक सरांनी मागे वळून दोन्ही तळहात खाली दाबल्यासारखे केले. "मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत. कार्यक्रमपत्रिकेत आहेत." पाहुण्यांनी मला लांबूनच नमस्कार केला आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं.

मी बसले. शेवटपर्यंत थांबले. शेवट आला तेव्हा समन्वयक सर माईकवर गेले आणि म्हणाले, "वेळेअभावी प्रश्नोत्तरांचं सत्र आपण रद्द करत आहोत. आता आभार."

आभार वेळेअभावी कधी रद्द होत नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. संस्थेचे आभार, प्राचार्यांचे आभार, पाहुण्यांचे, पाहुण्यांच्या कुटुंबाचे, ज्यांनी त्यांना एवढ्या लांब येऊ दिलं त्यांचे. माईकवाल्याचे, मांडववाल्याचे, केटरिंगवाल्याचे. जितका वेळ आभार चालले तितक्यात त्या मुलीने सड्याची अख्खी गोष्ट सांगून पुन्हा एकदा सांगितली असती.

जेवणं झाली. वर शिक्षकांना मोदक आणि सोलकढी, खाली व्हरांड्यात विद्यार्थ्यांना कागदात गुंडाळलेला वडापाव. विद्यार्थी केंद्रस्थानी होते, पण जेवणाचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. पाहुणे काजू आणि फणसपोळी कुठे चांगली मिळते ते विचारत होते; त्यांची गाडी पुढे गणपतीपुळ्याला जायची होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी समन्वयक सरांना गाठलं. ते चहा घेत होते.

"सर, तुमच्या गावाच्या डोक्यावर काय आहे?"

"आमच्या? सडा आहे की. का?"

"मग काल हसलात कशाला?"

ते जरा गोंधळले आणि मग मला समजावू लागले, लहान मुलीला समजावतात तसं. "अहो मॅडम, पाहुणा हसला की यजमानाने हसायचं असतं. रीत आहे ती. पाहुण्याने जेवताना ढेकर दिला तर आपण नाक दाबतो का?"

"तिला चुकीचं ठरवलं त्यांनी."

"चुकीचं कुठे? चॉकलेट दिलं ना! फोटो किती छान आलाय बघितलात?"

"ती साठा म्हणालीच नाही."

"हे बघा, मला सडा शिकवू नका," आता त्यांचा आवाज चढला. "माझी गुरं सड्यावर चरली आहेत. अनवाणी तापलेल्या सड्यावरून शाळेत गेलोय मी."

"मग त्यांना का नाही शिकवलात?"

त्यांनी कपात बघितलं. "तुम्ही नवीन आहात," म्हणाले. "शिकाल."

मला त्या माणसाची किळस आली. मी हा शब्द विचार करून वापरते आहे. पाहुण्यांचा मला राग आला होता; पण त्यांना सडा ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसणं हा काही अपराध नाही, न विचारणं हा आहे. आमच्या सरांना ठाऊक होता. त्यांच्या तळपायांना ठाऊक होता. आणि एका कॉलरवरच्या माईकपुढे त्यांनी तो रुमालाने पुसून टाकला. असल्या पुसलेल्या माणसांनी आमची कॉलेजं भरलेली आहेत आणि ती दर वर्षी दोनदा एकत्र जमून एकमेकांना सांगतात, तुम्ही छान आहात.

फोटो सूचनाफलकावर लागला. तिच्या हातात चॉकलेट, मागे फळ्यावर 'साठा'. खाली ओळ: विद्यार्थिनीचा उत्स्फूर्त सहभाग.

तिचं नाव त्या दिवसापासून साठा पडलं. "साठा आली रे." "साठा, पाणी आहे का गं बाटलीत?" मुलं म्हणजे मुलंच. जिन्यात, कँटीनमध्ये, एसटीच्या रांगेत. आणि वर्गात हजेरीला पुन्हा नुसता हात.

आमच्या वर्गात सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या गावच्या जमिनीबद्दल सगळ्यांसमोर बोलायचं असं मी ठरवलं होतं. तिने सडा घेतला होता, अर्थात. एक दिवस तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मॅडम, माझं बोलणं रद्द करा."

"का?"

"असंच."

"त्या चॉकलेटमुळे?"

"त्यांचं काय नाय, मॅडम. ते बाहेरचे. पण आपले सर हसले. आमच्या पलीकडच्याच गावचे हायत ते." मग म्हणाली, "मला नाय जमायचं शिकवायला. माझी भाषाच नीट नाय."

हे वाक्य मी इथे लिहिते आहे तेही दात आवळून. अध्यापन सुधारण्यासाठी भरवलेल्या कार्यशाळेने आमच्या कॉलेजातली एक होऊ घातलेली शिक्षिका अशी संपवत आणली होती, आणि अहवालात तो दिवस यशस्वी होता.

मी तिला समजावलं नाही. कार्यशाळेत पुरेसं समजावून झालं होतं. मी प्राचार्यांकडे गेले आणि वर्ग सड्यावर न्यायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, न्या, पण उपक्रम म्हणून न्या. बॅनर हवा आणि बॅनरसकट फोटो हवा. मी म्हटलं, ठीक.

सप्टेंबरात, गणपती उरकल्यावर, आम्ही तिच्याच वाडीच्या वरच्या सड्यावर गेलो. पाखाडीच्या पायऱ्या संपल्या आणि मुलांची तोंडं बंद झाली, कारण समोर फुलं होती. दगडातल्या उथळ खळग्यांत पाणी साचलेलं आणि त्याच्या कडेने जांभळी, पिवळी, पांढरी, नखाएवढी फुलं, लांबपर्यंत. वारा असा की बॅनर कुणाच्या हातात राहीना. शेवटी तो ओल्या दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर जांभ्याचे तुकडे ठेवले आणि मुली त्यावर डबे उघडून बसल्या. आमच्या संस्थेचं नाव त्याआधी कुणाच्या इतकं उपयोगी पडलं असेल असं वाटत नाही.

ती सगळ्यांच्या मागे होती.

वर्गात एक वात्रट मुलगा आहे, घरच्या होड्या असलेला. समुद्र त्याला तळहातासारखा माहीत, डोंगराशी संबंध नाही. 'साठा' हे नाव सगळ्यात जास्त त्याच्याच तोंडी असायचं. तो गुटखा खातो, मी कितीही ओरडले तरी. तो खळग्याच्या कडेला गेला आणि पाण्यात थुंकला.

"ए!" मागून आवाज आला. सगळे वळले. "थुंकू नको तिथे. खाली माझी आवस पिते ते पाणी."

मुलगा हसला. "हे डबकं? हे काय नळाने जातं काय तुझ्या घरी?"

"नळ नाय लागत. मुरतं."

"दगडात? दगडात पाणी मुरतं? आमच्याकडे पाणी असं मुरायला लागलं तर आम्ही होडी बुडाली म्हणतो."

पोरं हसली. तीही हसली, मी पाहिलं. मग तो मुलगा खाली बसला, दगडावरून हात फिरवला, त्यातल्या भोकांत करंगळी घालून बघितली आणि विचारलं, "नाय पण, खरंच. मग जातं कुठे?"

त्याला उत्तर माहीत नव्हतं आणि ते त्याला हवं होतं. त्या मुलीला आजवर कुणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न असावा. पडद्यावरच्या निळ्या थेंबाखाली विचारला होता तो प्रश्न नव्हता, तो सापळा होता. विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीपासून तयार होतं.

"इकडे ये," ती म्हणाली.

ती त्याला सड्याच्या कडेला घेऊन गेली, आणि त्याच्या मागे सगळा वर्ग गेला. तिने खालच्या उताराकडे हात केला. दगड संपतो तिथे खाली चिकण माती लागते, पाणी तिच्यावरून सरकतं, उतारावर बाहेर येतं, तिथून पऱ्या सुरू होतो, म्हणजे ओहोळ, आणि पऱ्याच्या कडेने विहिरी, विहिरींच्या कडेने माड आणि सुपारी. "म्हणून सगळी वाडी एका रेषेत हाय, बघ. घरं पाण्यामागून गेली." वर सडा फोडून चिरे काढले की कुठली विहीर आटते ते तिने बोटाने दाखवलं. एका मुलीने विचारलं, फुलांना माती कुठे आहे? तिने खळग्यातली चिमूटभर माती उचलून तिच्या तळहातावर ठेवली. "एवढीच. एवढ्यात भागवतात ती."

ती बोलत होती तिच्या बोलीत, हात हलवत, मधेच कुणाला 'अरे इकडे बघ, तिकडे काय बघतोस' असं दटावत. होडीवाला मुलगा विचारत होता आणि ती सांगत होती, कधी 'ते मला नाय माहीत' असंही म्हणत होती. कार्यशाळेत दिवसभरात हे वाक्य एकदाही आलं नव्हतं.

उतरताना मी तिला म्हटलं, "तू आत्ता तास घेतलास."

"होय?" ती म्हणाली आणि पुढे गेली. जरा वेळाने खालून हाक आली, "ए साठा, थांब गं!" आणि तिने वळून त्याच आवाजात उत्तर दिलं, "सडा म्हण आधी!"

इथे हे लिखाण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण या आठवड्यात समन्वयक सर माझ्याकडे आले. पुन्हा कार्यशाळा आहे. विषय: बोली आणि अध्यापन. व्यासपीठावर बोलीभाषेतला आदर्श तास होणार आहे. "मॅडम, तुमच्या विभागातून मुलं द्या," ते म्हणाले. "आणि या वेळी जरा शुद्ध बोलणारी द्या."

ते विनोद करत नव्हते.

मी तिला विचारलं. सरांची अट सांगून विचारलं, लपवलं नाही. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "सड्यावर शिकवीन, मॅडम. कुणीपण आणा, शिकवीन. तिथे नाय."

"का?"

"तिथे कोण विचारतं?"

मी पुन्हा उभी राहीन, पुन्हा मला तळहात दाखवले जातील. तासिका तत्त्वावरच्या बाईला गप्प बसवायला दोन तळहात पुरतात. सगळ्या रांगांना गप्प बसवायला पुरत नाहीत. म्हणून तिचा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे. अशा कार्यशाळा तुमच्याही गावच्या कॉलेजात होतात. तुम्ही पालक असाल, माजी विद्यार्थी असाल, शेजारी राहत असाल. दार उघडं असतं, मागच्या खुर्च्या रिकाम्या असतात. जा आणि बसा. व्यासपीठावरचं पोर तुम्हाला न कळणारा शब्द बोललं आणि कुणी हसलं, तर तुम्ही हसू नका. मोठ्याने म्हणा, 'पुन्हा सांग, मला कळलं नाही.' आणि माईकवरून 'वेळेअभावी' हा शब्द आला की उठून जाऊ नका. आभार सुरू व्हायच्या आत हात वर करा, आणि ते पोर बोलेपर्यंत खाली घेऊ नका.